हॉर्नचा फ्यूज

चढावर काटा लाल रेघेला टेकला, तशी सुनेने गाडी कडेला घेऊन बॉनेट उघडलं. टाकीतलं पाणी पुरेसं होतं, पण इंजिन एवढं तापूनही पंखा ढिम्म हलत नव्हता. तिने त्याचा फ्यूज काढून पाहिला, तर आतली तार जळालेली.

"आता गं?" शेजारच्या सीटवरून सासूबाईंनी विचारलं.

"हॉर्नचा फ्यूज याच ताकदीचा आहे. तोच लावते."

फ्यूज बसला आणि पंखा भर्रकन फिरू लागला. इंजिन निवल्यावर दोघी निघाल्या.

"हॉर्न मात्र वाजणार नाही हं, आई."

"मी आहे ना!" म्हणत सासूबाईंनी काच खाली केली. मग घर येईपर्यंत प्रत्येक वळणावर त्या खड्या आवाजात, "अहो, बाजूला व्हा!" असं ओरडत राहिल्या, आणि सुनेला हसू आवरेना.