खिळ्यावर टांगलेला वॉकर

मित्रांनो, मी एक जुना वॉकर आहे, म्हाताऱ्यांना धरून चालायची चौकट. जुना म्हटले तरी परवापर्यंत माझ्या पायांना माती लागलेली नव्हती, आणि हीच माझी रडकथा आहे.

माझा जन्म अंबरनाथच्या एका कारखान्यात झाला. चार नळ्या, चार रबरी बूट, की स्वारी तयार! पुढे बदलापूरला ज्येष्ठ नागरिकांचे शिबिर भरले आणि सरकारी योजनेतून मी सुकऱ्याबाबांच्या हाती पडलो. फोटो निघाला, टाळ्या झाल्या. मीही भलताच फुशारलो. पण बारवी धरणाकडच्या आपल्या पाड्यावर पोचताच बाबांनी मला प्लास्टिकसकट खिळ्यावर टांगले.

"सरकारी चीज हाय," ते बायकोला, तुळशीआजीला म्हणाले. "साहेब बघाया येतील. घासली तर काय तोंड दाखवू?"

साहेब काही आले नाहीत. जन्मभर जंगलातून मोळ्या वाहून बाबांचे गुडघे पार गेले होते. भिंत धरून ते कसेबसे दारापर्यंत येत. ओढ्यापलीकडे त्यांचा बालमित्र जनू राहायचा. एकमेकांच्या शेतात भात लावत दोघे म्हातारे झाले होते, पण आता कित्येक महिने भेट नव्हती. मी समोरच असून नसल्यासारखा. मला फार वाईट वाटे.

मग एके सकाळी निरोप आला, की जनूने अंथरूण धरले आहे. बाबा उंबऱ्यावर बसून रडू लागले. तुळशीआजी कडाडली, "रडतोस काय म्हाताऱ्या? साहेब येतील तवा येतील. जनू थांबायचा नाय!"

तिने मला खाली ओढले आणि कोयत्याने प्लास्टिक फाडले.

काय ती वाट! दगडगोट्यांनी माझे बूट सोलून निघाले. बाबा दर चार पावलांवर थांबत, आजी मागून कंबर धरी. बाबांचा सगळा भार माझ्यावर होता, आणि मित्रांनो, मी जन्मात पहिल्यांदा सुखी होतो.

जनूबाबा जागे होते. दोघे कितीतरी वेळ हातात हात घेऊन बसले. तेवढ्यात माझी नजर भिंतीकडे गेली. तिथे खिळ्यावर माझ्यासारखाच एक वॉकर लटकत होता, प्लास्टिकसकट.

"तूबी नाय आलास," सुकऱ्याबाबा म्हणाले.

"साहेब येनार होते ना," जनूबाबा पुटपुटले.

आता जनूबाबांचे पाय उठणार नव्हते.

मित्रांनो, वस्तू हातात दिली की काम संपले असे समजू नका. एकदा त्या घरी जा, आजोबांना धरून अंगणात चालवा. नाहीतर म्हातारी माणसे तुमची वाट पाहत बसतात, आणि आम्ही भिंतीवर नवे कोरे राहतो.