गोदूबाई आणि पक्की आवृत्ती

गुरुवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी आंबेखोल ग्रामसभेने ठराव केला, की हर्षद शिगवण याने आपले सॉफ्टवेअर पूर्ण करू नये. सूचक गोदूबाई. विरोधात एक मत, हर्षदचे.

तो मागच्या बाकावर फोन उलटा ठेवून बसला होता. पोलादपूरच्या डोंगरातल्या शाळेवरून त्याची बायको प्रणाली दर दहा मिनिटांनी विचारत होती, "झालं?" शिक्षकांच्या बदल्यांचे अर्ज शुक्रवारी पाचला बंद होणार होते. नवरा-बायकोला एका तालुक्यात आणायची सोय आहे. लागतो फक्त विवाहाचा दाखला. तो त्यांच्याकडे होता. अडचण दाखल्याच्या तळाशी होती : 'चाचणी आवृत्ती. प्रत्यक्ष वापरासाठी नाही.'

ही ओळ हर्षदनेच लिहिली होती. गावाच्या नोंदी सांभाळणारे 'उंबरा' हे सॉफ्टवेअर त्याने तीन वर्षांपूर्वी लिहायला घेतले आणि कोणीही फुकट घ्यावे, आतून उघडून बघावे, चुका सांगाव्यात म्हणून जगासाठी खुले ठेवले. दर पंधरवड्याला तो एक कच्ची आवृत्ती सोडी. फिनलंडमधली एक ग्रंथपाल आणि ब्राझीलमधला एक गुरांचा डॉक्टर चुका कळवत. सध्या ०.९.४३ चालू होती, आणि ती कच्ची आहे हे प्रत्येक कागदावर सांगणे त्याला प्रामाणिकपणाचे वाटले होते. जिल्ह्याच्या कचेरीतल्या कारकुनाने तो प्रामाणिकपणा चष्मा लावून वाचला.

"लग्न प्रत्यक्ष वापरासाठी नाही, असं लिहिलंय मॅडम."

"ते लग्नाबद्दल नाही सर, सॉफ्टवेअरबद्दल आहे," प्रणाली म्हणाली.

"बदली सॉफ्टवेअरची करायचीय का? पक्का कागद आणा."

पक्का कागद १.० या पक्क्या आवृत्तीतूनच निघणार होता. ती तयार होती. पंचायतीच्या सर्व्हरवर चढवली, की जुन्या सगळ्या नोंदी आपोआप पक्क्या होणार आणि ती ओळ जाणार. इथे गोदूबाई आडव्या आल्या, आणि त्यांचे चुकीचे नव्हते. ०.९.१२ च्या वेळी मृत्यूची नोंद जमते का हे बघायला ग्रामसेवक कोंडाजी भाऊसाहेबांनी नमुना म्हणून समोर बसलेल्या बाईचे नाव घातले होते. नोंद जमली. वेळ दुपारी एक दहा, कारण वार्धक्य.

"कच्ची मेलेय म्हनून फिरतेय तरी," गोदूबाई सभेत म्हणाल्या. "ह्यो मला पक्की करनार. मंग रेशनला अंगठा कोन देनार, ह्याचा बापूस?"

"आते, ती नोंद मला काढता येत नाही. कोणालाच काढता येऊ नये, असंच बनवलंय."

"व्हय. लय हुशार हायस."

"दुरुस्तीचा अर्ज करा ना तुम्ही."

कोंडाजींनी मान हलवली. "मयताचा अर्ज घेता येत नाही."

"मग नातेवाइकाचा?"

"त्याला मृत्यूचा दाखला जोडावा लागतो. आहे तो चाचणीचा. चालणार नाही." मग त्यांनी आवाज खाली आणला, तरी तो सगळ्यांना ऐकू गेला. "आणि हर्षद, आज काही चुकलं तर म्हणता येतं, चाचणी चालू आहे. उद्यापासून काय म्हणायचं?"

हा प्रश्न सभेला फार पटला. ठराव झाला, चहा झाला, लोक पांगले. गोदूबाई मात्र बसून राहिल्या, कारण हर्षदने शेवटी फोन उचलला होता आणि प्रणालीचा आवाज सगळ्या खोलीत येत होता.

"दीड वर्षात एकतीस दिवस एकत्र राहिलोय आपण. मी मोजलेत."

हर्षदने फोन ठेवला. गोदूबाईंनी पदराने तोंड पुसले.

"काय सोडायचं ते सोड मंग," त्या म्हणाल्या. "पन माज्यापातूर यायच्या आत थांबव."

नोंदी ओळीने पक्क्या होत : आधी जन्म, मग विवाह, मग मृत्यू. विवाह संपून मृत्यू सुरू होईपर्यंत चारेक सेकंद जात. हर्षदने कोंडाजींकडे पाहिले.

"ठराव पूर्ण करू नये असा आहे," कोंडाजी विचार करून म्हणाले. "अर्धं करायला हरकत दिसत नाही."

तीन वाजून पाच मिनिटांनी १.० जगासाठी प्रसिद्ध झाली. फिनलंडहून लगेच अभिनंदन आले. हर्षदने तीच आवृत्ती पंचायतीच्या सर्व्हरवर चढवली. कोंडाजी टेबलाखाली वाकून प्लग धरून बसले. जन्म एक हजार नऊशे चार झाले. विवाहांचा आकडा चढू लागला. चारशे दहा, चारशे अकरा, चारशे बारा. विवाह संपले.

"आता," हर्षद म्हणाला.

कोंडाजींनी ओढला. पडदा काळा झाला.

"काढ आता तुजा कागुद," गोदूबाई म्हणाल्या.

हर्षदने खरे ते सांगून टाकले. कागद काढायला सर्व्हर चालू करावा लागणार होता, आणि वीज गेली तरी काम जिथे थांबले तिथून उंबरा आपसूक पुढे सुरू करी. आपल्या गावची वीज ध्यानात घेऊन त्याने ते मुद्दाम तसे केले होते.

"हे आधी न्हाय का सांगायचं?"

"डोक्यातून गेलं आते. सर्व्हर चालू न करता कागद काढायचा तर डिस्क काढून माणगावला न्यावी लागेल. सोमवार उजाडेल."

"आन् तिचं?"

"उद्या पाचला बंद."

गोदूबाईंनी सर्व्हरची वायर मागच्या बाजूनेही उपटली, गुंडाळली आणि पदरात बांधली.

शुक्रवारी दुपारी दोनला सर्व्हर बंदच होता. प्रणाली कारकुनाच्या खिडकीसमोर बाकावर बसली होती. पक्का कागद फोनवर आला तरी चालेल, एवढे तिने त्याच्याकडून कबूल करून घेतले होते. ब्राझीलच्या डॉक्टरने कळवले होते, की १.० त्याच्याकडे उत्तम चालते. दोन वाजून सात मिनिटांनी गोदूबाईंनी हर्षदचा फोन मागितला, त्याच्याकडून प्रणालीचा नंबर लावून घेतला आणि त्या पंचायतीमागच्या फणसाखाली गेल्या. वायर त्यांच्याबरोबर होती. ती जोडली, की प्रणालीचा कागद निघणार होता आणि चारेक सेकंदांत गोदूबाई पक्क्या होणार होत्या. तीन वाजले तरी दोघी बोलत होत्या. पंचायतीच्या खिडकीतून हर्षदला गोदूबाईंचा हात हलताना दिसत होता. शब्द ऐकू येत नव्हते.