अहवाल न वाचलेले दोघे

संसदेच्या सभागृहाच्या तळमजल्यावर एक वाचनखोली होती आणि तिच्या दाराशी बाई बसायच्या. एकवीस वर्षं त्यांचं काम एकच. सदस्याने मागितलेला कागद काढून द्यायचा, नोंदवहीत सही घ्यायची, कागद परत आला की कपाटात ठेवून कुलूप लावायचं. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासून चौकटीत बसवायचा. एकुलती एक मुलगी, तिला दोघंही खटपटी म्हणायचे. हाताला लागेल ते उघडून बघायची. घरातलं घड्याळ तिने तीनदा खोललं आणि दोनदाच जुळवलं. मोठी झाल्यावर ती सैन्यात गाड्या दुरुस्त करायला गेली.

युद्धाला तीन वर्षं झाली होती. सात महिन्यांपूर्वी खटपटीची तुकडी घेरली गेली आणि बत्तीस जण शत्रूच्या हाती लागले. यादीत तिचं नाव होतं. त्यानंतर पत्र नाही, फोटो नाही, बरंवाईट काहीच नाही.

अशात निवडणूक आली. सर्वोच्च पदासाठी दोघं उभे होते, एक वकील आणि एक डॉक्टर. युद्धाचा ठराव आला तेव्हा दोघंही सभागृहात होते. वकिलांनी विरोधात मत दिलं होतं, डॉक्टरांनी बाजूने. आता वकिलांच्या प्रत्येक फलकावर ‘मी तेव्हाच सांगितलं होतं’ असं लिहिलेलं असायचं. निवडून आलो तर साठ दिवसांत सगळं सैन्य परत, हा त्यांचा शब्द. डॉक्टर म्हणत, शेवटचा कैदी सुटेपर्यंत एकही शिपाई मागे येणार नाही.

घरात या दोघांवरून रोज जुंपायची.

“ज्याला तेव्हा कळलं त्याला पुढेही कळेल. यात एवढा विचार कसला करायचा?” नवरा म्हणायचा.

“अहो, पण सगळे परत आले तर आपल्या पोरीला सोडवायला तिथे कोण राहणार?”

“सैन्य तिथे गेलं म्हणून तर ती अडकली! त्या डॉक्टरने हात वर केला नसता, तर ती आत्ता इथे बसून माझं डोकं खात असती.”

यावर बाई भांडी आवरायला उठायच्या. त्यांना एक गोष्ट ठाऊक होती आणि ती बाहेर बोलायची सोय नव्हती. ठरावाच्या आधी सरकारने एक गोपनीय अहवाल तीन दिवस वाचनखोलीत ठेवला होता. पानं शहाण्णव. तिथेच बसून वाचायचा, सही करायची आणि जायचं. दोनशेवर सदस्यांपैकी अकरा जण आले. त्या अकरांत वकील नव्हते आणि डॉक्टरही नव्हते.

मतदानाला नऊ दिवस उरले तेव्हा बाईंना राहवेना. वकिलांची सभा एका शाळेच्या सभागृहात होती. सभा संपल्यावर लोक रांगेने हात मिळवत होते, त्या रांगेत बाई उभ्या राहिल्या.

“माझी मुलगी बत्तीस जणांत आहे,” त्या म्हणाल्या.

वकिलांनी त्यांचे दोन्ही हात धरले. “ताई, तुमच्यासाठीच तर लढतोय.”

“एक विचारायचं होतं. ठरावाच्या आधी तो अहवाल तुम्ही वाचला होता?”

“प्रत्येक पान! दोनदा.”

“कुठे वाचलात?”

“वाचनखोलीत, आणखी कुठे? बाहेर न्यायला बंदी होती ना.” त्यांनी बाईंच्या खांद्यावर थोपटलं आणि पुढच्या माणसाकडे वळले. तीन दिवस त्या दाराशी कोण बसलं होतं, याची त्यांना गंधवार्ता नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाई डॉक्टरांकडे गेल्या. जुन्या दवाखान्यातच त्यांचं प्रचार कार्यालय होतं. पत्रकांच्या गठ्ठ्यांमागे वजनकाटा तसाच उभा होता.

“तुम्ही वाचनखोलीतल्या,” डॉक्टरांनी लगेच ओळखलं.

“हो. तुम्ही आला नव्हता.”

“दारापर्यंत आलो होतो. दुसऱ्या दिवशी. तुम्ही कुणाची तरी सही घेत होता.” डॉक्टरांनी पत्रकांचा एक गठ्ठा सरळ केला. “परत फिरलो. वाचला असता तर हात वर करता आला नसता, अशी मनात धाकधूक होती. आणि हात वर करायचं पक्षात आधीच ठरलं होतं.”

बाईंच्या कानशिलात आग उठली. त्यांना वाटलं, समोरचा गठ्ठा उचलून याच्या तोंडावर मारावा. पण त्या मागायला आल्या होत्या.

“माझ्या मुलीला आणाल?”

“सैन्य मागे घेणार नाही. एवढाच शब्द देऊ शकतो.”

“तोवर आणखी किती मुलं जातील?”

“नव्याने भरती करावी लागेल,” डॉक्टर म्हणाले. “खूप.”

घरी आल्यावर बाईंनी नवऱ्याला सगळं सांगितलं, नोंदवहीपासून. नवरा खुर्चीत ताठ बसला.

“म्हणजे हा खोटारडा आणि तो भित्रा. पण त्या अहवालात होतं तरी काय? वाचून काय कळलं असतं?”

“शेजारी देश हल्ल्याच्या तयारीत आहे, हे सगळं एकाच माणसाच्या सांगण्यावर उभं होतं. आणि त्या माणसावर लिहिणाऱ्यांचाच भरवसा नव्हता. तसं त्यात स्पष्ट लिहिलं होतं.”

“तुला काय ठाऊक?”

बाईंनी पदराने गळा पुसला. “मी वाचला होता. तिसऱ्या दिवशी दुपारी. खोलीत कुणी नव्हतं.”

नवरा अगदी हळू म्हणाला, “कुणाला सांगितलंस?”

“कुणालाच नाही. नोकरी गेली असती. तुरुंगातही टाकलं असतं.”

“खटपटी तेव्हा छावणीत होती. सुट्टी मागून घरी येऊ का, असं विचारत होती.”

“हो.”

“तिलाही नाही सांगितलंस?”

“नाही.”

नवरा उठला, पायात बूट घातले आणि बाहेर गेला. परत आला तेव्हा जेवला नाही. त्या दिवसापासून तो बाईंशी कामापुरतं बोलू लागला. किल्ली कुठे आहे, दिवा घालव, एवढंच. तो रागावला असता तरी बाईंना बरं वाटलं असतं. वकील आणि डॉक्टर, या दोघांना त्या तोलायला निघाल्या होत्या. एक न वाचता बरोबर ठरला, एक न वाचता चुकला. त्या स्वतः वाचून गप्प बसल्या होत्या.

तीन दिवसांनी त्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत गेल्या आणि नाव देऊन सगळं सांगितलं, आपण तो अहवाल वाचला होता हेसुद्धा. बातमी सातव्या पानावर आली. वकिलांची माणसं म्हणाली, ही डॉक्टरांची बाई. डॉक्टरांची माणसं म्हणाली, ही वकिलांनी पेरलेली. दुपारपर्यंत बाईंकडून किल्ल्या काढून घेतल्या गेल्या आणि चौकशी लागली. संध्याकाळी लोक दुसऱ्याच कशावर तरी भांडत होते.

मतदानाच्या सकाळी दोघं बरोबर निघाले. वाटेत नवरा आपणहून बोलला.

“मी डॉक्टरला देणार. तो निदान तोंडावर खरं बोलला. आणि मला माझी पोर पाहिजे. जगाचं काय व्हायचं ते होऊ दे.”

बाईंनी पिशवीतून मतदानाची चिठ्ठी काढून हातात घेतली.

पडद्याआड गेल्यावर त्यांना काही सुचेना. हातात शिक्का, समोर दोन नावं. डॉक्टरांच्या नावावर शिक्का न्यायचा आणि ‘खूप’ हा शब्द कानात वाजायचा. कुणाच्या तरी घरात अजून घड्याळं खोलत बसलेली पोरं, ती जाणार. वकिलांकडे शिक्का न्यायचा आणि खटपटी दिसायची, रिकाम्या छावणीकडे बघत उभी.

“बाई, झालं का?” बाहेरून अधिकाऱ्याने विचारलं.

त्यांनी खोटारड्याच्या नावावर शिक्का मारला. मग भिंतीला हात टेकून उभ्या राहिल्या. कागदाची घडी पेटीत टाकून त्या बाहेर आल्या.

वकील मोठ्या फरकाने निवडून आले आणि शब्द त्यांनी पाळला. अठ्ठावन्नाव्या दिवशी शेवटच्या गाड्या शहरात शिरल्या. बँड वाजत होता, बायका धावत जाऊन आपापल्या माणसांना मिठ्या मारत होत्या. दोघं फुटपाथवर शेवटची गाडी जाईपर्यंत उभे होते.

त्यानंतर महिन्याने शत्रूने तेरा कैदी सोडले. खटपटी त्यांत नव्हती. सुटलेल्यांपैकी तिच्या तुकडीतला स्वयंपाकी पत्ता शोधत घरी आला. हाडांवर नुसतं कातडं उरलं होतं. त्याला खुर्चीत नीट बसताही येत नव्हतं.

“जिवंत होती,” तो म्हणाला. “थंडी सरेपर्यंत तरी. त्यांच्या गाड्या दुरुस्त करून घ्यायचे तिच्याकडून. म्हणून तिला वेगळं ठेवलं. आपलं सैन्य निघालं तशी त्यांनी ती कार्यशाळा आत कुठेतरी हलवली. पुढचं ठाऊक नाही, काकू.”

नवऱ्याने विचारलं, “सैन्य निघालं नसतं तर?”

स्वयंपाकी घुटमळला. “ती कदाचित सापडली असती. पण आम्हा तेराजणांना सोडलं नसतं. सैन्य निघालं म्हणूनच सोडलं आम्हाला.”

तो गेल्यावर नवरा दार लावून तिथेच उभा राहिला.

“तू कुणाला दिलं होतंस?”

“वकिलांना.”

बाईंना वाटलं, आता हा निघून जाईल, या वेळी कायमचा. पण नवरा स्वयंपाक्याने अर्धा टाकलेला चहाचा कप घेऊन मोरीकडे गेला आणि नळ सोडून कितीतरी वेळ तो एकच कप धूत राहिला.

कैद्यांच्या नातेवाइकांसाठी दर बुधवारी एक खिडकी उघडते. बाई जातात. हल्ली नवराही येतो. रांगेत दोन माणसं सोडून उभा राहतो. आतला कारकून यादीवरून बोट फिरवतो, नवं काही नाही म्हणतो, पुढच्या बुधवारी या म्हणतो. बाई विचारतात, “अहो, नीट बघितलंत ना?” तो पुन्हा एकदा बोट फिरवतो.