शेवटचं चाक

शाळेचा रस्ता काळ्या मातीचा. पाऊस लागला की चाकात चिखल ठासून बसायचा आणि सायकल हलायची नाही. म्हणून पोरांची रीत होती: ओढ्यात उतरण्याआधी मागच्यानं पुढच्याचं चाक काडीनं मोकळं करायचं. शेवटच्यानं आपलं आपण बघायचं.

गेल्या पावसाळ्यात शेवटी मसाजीची लेक पुनम होती. पोरांना पोचवायला निघालेला मसाजी सगळ्यांत पुढं, "चला, उशीर होऊन राहिला!" म्हणून खेकसत. त्यानं मागं वळून पाहिलंच नाही. पुनमची सायकल ओढ्यात रुतली अन् वरून पाण्याचा लोंढा आला, तिला घेऊन गेला.

तेव्हापासून गावातली लेकरं शाळेत पोचवताना मसाजी सगळ्यांत मागं राहायचा. आपल्या चाकाला हात लावायचा नाही. सायकल तशीच रेटत न्यायचा.

आज शाळेच्या फाटकाशी शेजारची राजनंदिनी वाकून बघत म्हणाली, "काका, तुमचं चाक कोणी साफ केलं?"

"माझ्यामागं कोण होतं का?" मसाजी डाफरला. मग त्यानं खाली पाहिलं. चाकाला चिखलाचा ठिपकासुद्धा नव्हता.

म्हणजे शेवटी अजून पुनमच होती. आणि तिचं चाक आजही कोणी मोकळं केलं नव्हतं.