खिंडीपलीकडचं बाळंतपण

डॉक्टर राजकारणात आले ते एका बाईच्या बाळंतपणामुळे.

खरं तर ते गुरांचे डॉक्टर. प्रांताच्या अगदी उत्तरेला, डोंगरातल्या खिंडीच्या वरच्या बाजूला जी गावं आहेत तिथे गाई, मेंढ्या, घोडी तपासत ते दिवसभर गाडी हाकायचे. "माझे पेशंट गुणी आहेत. तक्रार करत नाहीत, फक्त लाथ मारतात," असं ते म्हणायचे. राजकारणात गेल्यावर या वाक्याला आणखी एक शेपूट जोडलं: "मतदारांचं याच्या उलट. लाथ मारायच्या आधी तक्रार करतात."

एका हिवाळ्यात खिंडीत दरड कोसळली आणि रस्ता बंद झाला. त्या दुपारी एक मेंढपाळ त्यांच्या दवाखान्यात धापा टाकत आला. बायको अडली होती. मोठं इस्पितळ खिंडीच्या दक्षिणेला, आणि गावांच्या बाजूला माणसांचा डॉक्टर एकही नाही.

"अहो, मी गुरांचा डॉक्टर आहे," डॉक्टर म्हणाले.

"गाय मोकळी करता ना? मग चला."

डॉक्टर गेले. बाई वाचली, मूल वाचलं नाही. हात धुवायला नवऱ्याने तांब्याभर गरम पाणी आणून दिलं आणि म्हणाला, "तुमचे उपकार झाले." डॉक्टरांना ते शब्द शिवीपेक्षा जास्त लागले. पुढच्या निवडणुकीला ते प्रांतिक सभेसाठी उभे राहिले. मागणी एकच, इस्पितळ आणि त्यात प्रसूती विभाग. तो विभाग खिंडीच्या अलीकडे, आपल्या गावात हवा.

राजधानीत पहिली काही वर्षं त्यांना कोणी विचारलं नाही. सभागृहात ते उठले की मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच हंबरायचं. डॉक्टर थांबायचे, त्या दिशेने बघायचे आणि म्हणायचे, "आवाजावरून पोट बिघडलेलं दिसतंय. सभा संपल्यावर भेटा." हळूहळू हंबरणारेच त्यांचे दोस्त झाले. खिंडीतल्या दरडींना जाळी बसली, गावात छोटं इस्पितळ उभं राहिलं आणि शेवटी त्यात प्रसूती विभागही आला. विभागाचे सगळे पडदे डॉक्टरांच्या थोरल्या बहिणीने शिवले. ताईचं शिवणकामाचं दुकान चौकातच होतं. आईमागे धाकट्या भावाला तिनेच वाढवलेलं, त्यामुळे सगळं गाव ज्यांना डॉक्टर म्हणायचं त्यांना ती अजूनही धाकट्या म्हणायची, मग समोर मंत्री बसलेला असला तरी.

चौथ्यांदा निवडून आल्यावर डॉक्टरांकडे प्रांताचं आरोग्य खातं आलं. ताईने दुकानात पेढ्यांऐवजी बटणं वाटली, असं लोक चेष्टेने म्हणत. खरं म्हणजे त्या दिवशी तिने कोणाकडूनच शिलाई घेतली नाही.

पण तोवर विभागाची अवस्था बिकट झाली होती. बाळंतपणाच्या मोठ्या डॉक्टरीणबाई निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागी कोणी टिकेना. येणारा तरुण डॉक्टर सामान सोडायच्या आधीच परतीची चौकशी करायचा. घर दिलं, गाडी दिली, पगार वाढवला. पण वर्षभरात जेमतेम शे-दीडशे बाळंतपणं. एवढ्यावर हात कसा बसणार, असं ते म्हणायचे, आणि ते खोटं नव्हतं. भूल देणारा डॉक्टर तर दोन इस्पितळांत वाटून घेतलेला.

एका रविवारी नेमका तो खिंडीपलीकडे असताना एका बाळंतिणीला रक्तस्राव सुरू झाला. मुख्य सिस्टर रुग्णवाहिकेत तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसून, हाताने दाब देत मोठ्या इस्पितळापर्यंत गेल्या. बाई वाचली. दुसऱ्या दिवशी डॉक्टर सिस्टरांना भेटायला आले.

"वाचली ना," डॉक्टर म्हणाले.

"वाचली. पुढची वाचेल असं मी सांगू शकत नाही. दारावर पाटी आहे म्हणून बायका विश्वासाने येतात, डॉक्टर. एक तर माणसं द्या, नाही तर पाटी उतरवा."

डॉक्टरांनी त्यानंतर सहा महिने माणसं शोधली. शेजारच्या प्रांतातून, निवृत्तांमधून, ओळखीपाळखीतून. कोणी मिळालं नाही. मग खात्याकडून प्रस्ताव आला: उत्तरेतला प्रसूती विभाग बंद करून सगळी बाळंतपणं खिंडीपलीकडच्या मोठ्या इस्पितळात न्यावीत. खाली सही डॉक्टरांची लागणार होती.

पक्षाचे अध्यक्ष जुने मित्र. त्यांनी दार लावून घेतलं. "निवडणूक वर्षावर आली आहे. आजारी पड, दौऱ्यावर जा, समिती नेम. समितीचं पोट कधी भरत नाही, वर्षभर आरामात चघळत बसेल."

"आणि मधल्या काळात एखादी दगावली तर?"

"तर ते नशीब. बंद केलंस तर मात्र ते तुझं पाप. हा फरक समजून घे."

डॉक्टरांना फरक समजला होता. म्हणूनच त्यांना त्या रात्री जेवण गेलं नाही. सकाळी उठून त्यांनी सही केली आणि गावाला निघाले. बातमी वर्तमानपत्रातून नको, आपल्या तोंडून कळली पाहिजे, एवढंच त्यांनी ठरवलं होतं.

शाळेच्या सभागृहात उभं राहायलाही जागा नव्हती. डॉक्टरांनी सगळं सांगितलं, काहीही न लपवता. मधेच मागून एक म्हातारा मेंढपाळ उठला. केस पांढरे झाले होते, तरी डॉक्टरांनी त्याला ओळखलं.

"डॉक्टर, माझं मूल गेलं तेव्हा खिंड बंद होती," तो म्हणाला. "आता पुन्हा बंद झाली तर?"

"जाळी आहे, हेलिकॉप्टरची सोय करतोय, तारीख जवळ आली की बायकांना आधीच पलीकडे नेऊन ठेवायचं," डॉक्टर म्हणाले. "तरीही कधीच काही होणार नाही, असा शब्द मी देत नाही. इथे ठेवलं तर धोका जास्त आहे, एवढंच मला माहीत आहे."

"मतं मागायला आला होतात तेव्हा शब्द द्यायला जमला होता," म्हातारा म्हणाला आणि बसला. टाळ्या त्याला पडल्या.

बाहेर ताई उभी होती. तिच्या मुलीला सातवा महिना लागला होता.

"पडदे तेवढे परत कर," ती म्हणाली. "सुती होते, चांगले होते."

"ताई, ऐकून तर घे."

"तुला मी वाढवलं ते माझी कामं करायला नाही, हे कळतं मला. पण माझ्या पोरीला परक्या गावात एकटीला टाकून येऊ? तिचा नवरा कामावर, मी दुकानात. कोण आहे तिथे तिचं?"

हे डॉक्टरांना सभेतल्या टाळ्यांपेक्षा जास्त टोचलं. त्यांनी मोठ्या इस्पितळासमोर एक जुनं विश्रामगृह शोधलं. खात्यातले लोक म्हणाले, यासाठी तरतूद नाही. डॉक्टर पलंग लावून होईपर्यंत तिथून हलले नाहीत. स्वयंपाकघर, बसायला उन्हाची गच्ची, सोबतीला येणाऱ्या आईसाठी किंवा नवऱ्यासाठी दुसरा पलंग. गरोदर बायकांनी तारखेच्या आधी येऊन तिथे राहायचं.

भाची तिथे पहिल्याच तुकडीत गेली. पंधरा दिवस गच्चीवर बसून तिने मोजे विणले, फोनवर नवऱ्याशी भांडली आणि मग एका सकाळी तिला मुलगी झाली. अगदी सहज, दोन-तीन तासांत. तिथल्या डॉक्टरीणबाईंना हातसुद्धा फारसा लावावा लागला नाही.

ताई बाळ बघायला आली. डॉक्टरही आले होते. तिने नातीला मांडीवर घेतलं, निरखून पाहिलं आणि भावाकडे न बघता म्हणाली, "ही तर घरीसुद्धा झाली असती."

"झाली असती," डॉक्टर म्हणाले.

त्यांना पुष्कळ बोलता आलं असतं. पण काय बोलणार? जे झालंच नाही त्याचा दाखला आणायचा कुठून? या मुलीच्या जागी दुसरी असती, त्या दिवशी भूल देणारा नसता, असं म्हणणं म्हणजे नव्या बाळापुढे अभद्र बोलणं. प्रचारात विरोधकांनी बंद दाराचं चित्र भिंतीभिंतीवर लावलं, तेव्हाही त्यांनी सिस्टरांच्या त्या रविवारची गोष्ट काढली नाही. ती बाई गावातलीच होती, तिचं दुखणं चौकात मांडायला त्यांचं मन धजेना.

ते पडले, आणि चांगलेच पडले. नव्या प्रतिनिधीने विभाग पुन्हा उघडायचं वचन दिलं होतं. निवडून आल्यावर त्यानेही माणसं शोधली. नंतर एकदा रस्त्यात भेटला तेव्हा तो डॉक्टरांना बाजूला घेऊन म्हणाला, "कोणी येतच नाही हो." डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "शोधत राहा," ते म्हणाले, आणि मनापासून म्हणाले.

त्यांनी पुन्हा दवाखाना उघडला. हात तसे विसरले नव्हते. आठवड्यातून एकदा मात्र ते गाडी घेऊन खिंड ओलांडायचे आणि विश्रामगृहात जायचे. आता तिथे त्यांचा काही अधिकार नव्हता. कोणाच्या नळाला पाणी नाही, कोणाला सोबत नाही, कोणाच्या नवऱ्याला रजा मिळत नाही, हे ऐकायचे आणि ज्याला सांगायचं त्याला सांगायचे. कोणी ओळखून तोंड फिरवायची, कोणी चहा द्यायची.

ताई वर्षभर त्यांच्याशी कामापुरतं बोलली. मग एका सकाळी डॉक्टर निघायच्या तयारीत असताना ती दुकान बंद करून आली. हातात शिलाईचं यंत्र होतं, ते लहान, उचलून न्यायचं.

"हे कुठे?" डॉक्टरांनी विचारलं.

"तुझी भाची सांगत होती, तिथे एक अगदी कोवळी पोरगी आलीये. आई नाही तिला. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडते म्हणे. झबली शिवायला शिकवते तिला, हाताला काम असलं की जीव रमतो."

डॉक्टरांनी यंत्र घेऊन मागच्या सीटवर ठेवलं. ताई पुढे बसली, पदर सावरला.

"तू चुकलासच, असं मला अजून वाटतं," ती म्हणाली.

"बरं."

"नुसतं बरं काय?"

"मला रोज वेगळं वाटतं, ताई. काही दिवशी तुझ्यासारखंही वाटतं."

ताईने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं, बऱ्याच दिवसांनी नीट पाहिलं. मग काचेबाहेर बघत म्हणाली, "चल, ऊन आहे तोवर पोचू."