तुतीला पान नव्हतं

“काका, पेटी उघडू नका. आधी बसा तरी,” शाफूच्या विज्ञान कचेरीतला ताओ म्हणाला.

तोवर फूगनने झाकण काढलं होतं. आतल्या कागदांवर खसखशीएवढी राखाडी अंडी चिकटलेली असायला हवी होती. कागदांवर नुसती पांढरी टरफलं होती. तळाशी काळ्या दोऱ्याचे बारीक तुकडे पडावेत तसा केर साचला होता. त्याने थोडा बोटावर घेऊन उजेडात धरला. केर नव्हता. रेशमाच्या अळ्या होत्या, जन्मून मेलेल्या.

“कधी?”

“फेब्रुवारी संपता संपता. मला दिसलं तेव्हा सगळं झालेलं होतं.”

“तेव्हा तर तुतीला पान नव्हतं.”

“नव्हतं ना.”

ताओने भाजलेले दाणे घातलेला चहा पुढे केला. फूगनने तो हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

“शीतगृहातली पेटी तुझ्या टेबलाखाली कशी आली रे?”

“शीतगृह नव्या विज्ञान संकुलात हलवलं. हुकूम आला, लिन्थांगच्या वस्तू लिन्थांगला परत करा. तुमच्या च्यानसाहेबांना मी फोन केला. ते म्हणाले, करारात साठवण शाफूकडे आहे, तुम्हीच सांभाळा. आमचे साहेब म्हणाले, करार संपत आलाय, आता ते आपलं काम नाही. मग मी पेटी इथे ठेवली. म्हटलं, कोणीतरी नेईल.”

“आणि हीटर?”

“हीटर मीच लावला, काका. मला थंडी वाजत होती.”

पेटी बगलेत मारून फूगन पुलावरून घरी परतला.

लिन्थांग आणि शाफू हे दोन तालुके. मधून कालवा जातो, आणि कालव्यापाशी प्रांतही बदलतो. दोघांनी मिळून रेशमाचं नवं वाण काढायचं ठरवलं, तेव्हा फूगनच्या बायकोला, छाइयुनला, अळ्या वाढवायच्या कामावर घेतलं. अलीकडे उन्हाळा लवकर तापतो. पानावर बसल्याबसल्या अळ्या काळ्या पडून मरतात. छाइयुन दर वर्षी त्यातल्या जगलेल्या बाजूला काढायची, त्यांचे कोष राखायची, त्यांचीच अंडी पुढे धरायची. असं करता करता उन्हाला न बधणारं एक वाण उभं राहिलं. कागदोपत्री त्याला दोन्ही तालुक्यांचं मिळून लांबलचक नाव होतं. ती त्यांना ‘चिवटं’ म्हणायची.

अंडी वेळेआधी फुटू नयेत म्हणून गारव्यात ठेवावी लागतात; आधी अर्धी लिन्थांगच्या शीतगृहात राहत, अर्धी शाफूच्या. मग एका बैठकीत ठरलं, की सहकार्य म्हणजे एकच काम दोनदा न करणं. लिन्थांगचं शीतगृह बंद झालं. छाइयुन त्या बैठकीला होती. ती म्हणाली, “साहेब, एका चुलीवर दोन घरं जेवायला लागली, की चूल कोणी विझू दिली ते कधीच कळत नाही.” सगळे हसले. च्यानसाहेब सगळ्यांत मोठ्याने हसले आणि ठराव मंजूर झाला.

या हिवाळ्यात ती फुप्फुसाच्या दुखण्याने गेली. शेवटी बोलताना दम लागायचा. तरी म्हणाली, “थोडीच वाढव, पण वाढव. अंडं दुसऱ्या वर्षापर्यंत टिकत नाही.” फूगन म्हणाला होता, “वाढवतो गं.”

तुतीला पानं फुटली, चांगली तळहाताएवढी झाली, तेव्हा च्यानसाहेब घरी आले. लिन्थांगच्या विज्ञान कचेरीचे ते प्रमुख. बरोबर फळांची करंडी.

“फूगनदादा, करार पुन्हा होतोय. दोन्ही तालुक्यांचे प्रमुख येणार आहेत. त्यांना वाण बघायचंय.”

“वाण मेलं. तुम्हाला ठाऊक आहे.”

“मला आहे. त्यांना कुठे आहे?” साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. “बाजारातून साध्या अळ्या आणू. पाटी आपली लावू. अळीसारखी अळी, कोणाला ओळखू येतेय?”

“ऊन चढल्यावर येईल.”

“ऊन चढेपर्यंत पाहुणे थांबतात होय? अहो, असं आडमुठेपणाने वागू नका. आत्ता काही दाखवलं नाही तर इथल्या संगोपन केंद्रालाच कुलूप लागेल. करार झाला तर शीतगृहात हक्काची जागा मिळेल. वहिनींचं नाव भिंतीवर कोरून घेतो मी. शब्द देतो.”

“शीतगृहात ठेवणार काय?”

“ते नंतर बघू हो!”

फूगनने फळांची करंडी उचलून त्यांच्या गाडीत ठेवली.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी त्याने संगोपनाची खोली धुतली, चुना मारला, टोपल्या उन्हात वाळवून फळ्यांवर मांडल्या. मग बाजारच्या अळ्या आत येऊ नयेत म्हणून दार लावलं, त्यावर लाल कागद चिकटवला आणि पीचची फांदी बांधली. रेशमाच्या महिन्यात दारावर ही खूण असली की त्या घरात कोणी पाऊल टाकत नाही. सोयरे येत नाहीत, पूर्वी सारा वसूल करणारेही यायचे नाहीत. बाहेरच्या माणसाच्या पायाने रोग येतो.

च्यानसाहेब साध्या अळ्यांची टोपली घेऊन सकाळीच आले. “दार उघडा! गाड्या पुलावर आल्यात!”

फूगन दाराला पाठ लावून स्टुलावर बसून राहिला. साहेबांनी दात आवळून टोपली गाडीत लपवली.

पाहुणे आले. शाफूच्या प्रमुखांनी लाल कागद पाहिला आणि दहा पावलांवरच हात वर केला. “हळू बोला,” ते कुजबुजले. “आत अळ्या आहेत. माझी आई महिनाभर आम्हाला घरात खोकूसुद्धा द्यायची नाही.” लिन्थांगच्या प्रमुखांनी सिगारेट विझवली. सगळे चवड्यांवर मागे फिरले.

अळ्या आहेत का, असं फूगनला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर तो नाही म्हणणार होता. तेवढं त्याने ठरवलं होतं. पण बंद दारापुढे कोणी विचारत नाही, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. रस्त्यावरच टेबल मांडून सह्या झाल्या, फोटो निघाले. च्यानसाहेब जाताना त्याच्या खांद्यावर थोपटून म्हणाले, “दादा, तुम्ही तर माझ्यापेक्षा हुशार निघालात.”

फूगन आत गेला, दार लावून घेतलं आणि रिकाम्या टोपल्यांमध्ये दुपारपर्यंत बसून राहिला.

नव्या विज्ञान संकुलातल्या शीतगृहात एक कप्पा आता त्या वाणासाठी राखून ठेवला आहे. तो रिकामा आहे, हे दोन्ही तालुक्यांच्या प्रमुखांना अजून कोणी कळवलेलं नाही. फूगन दर आठवड्याला छाइयुनच्या थडग्यापाशी जातो, गवत उपटतो, दोघांच्या मुलीची खुशाली सांगतो. अंड्यांचं त्याने तिला अजून सांगितलेलं नाही.