कपाट कुठं झिजतं

"मेण नको घासू तितं. मेण लागलं की रंग धरत न्हाय," दारातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून सावळाराम म्हणाला.

"धरू नये म्हणूनच घासतीय," दगडाबाई म्हणाली. तिचा हात थांबला नाही. अर्धी झालेली मेणबत्ती ती कपाटाच्या कडेवरून खालीवर फिरवत होती.

सावळारामने मान रस्त्याकडे वळवली. उसाच्या ट्रॉल्या कारखान्याकडे चालल्या होत्या. त्या बघत बसण्याइतका वेळ त्याला आयुष्यात पहिल्यांदाच मिळाला होता आणि त्याचं काय करायचं ते त्याला कळत नव्हतं.

भवानीनगरच्या या पत्र्याच्या शेडमध्ये त्याने उभी हयात पॉलिश करण्यात घालवली होती. चपडा, म्हणजे लाखेचे पापुद्रे, स्पिरिटमध्ये भिजवायचा, कापडात कापूस गुंडाळून बोळा करायचा आणि लाकडावरून फिरवत राहायचं. एक हात वाळला की दुसरा, दुसरा वाळला की तिसरा. लाकडात तोंड दिसलं पाहिजे, हा त्याचा नियम. कारखान्याच्या साहेबांची टेबलं, इंदापूरकडच्या लग्नांतले पलंग, कुणाकुणाचे देव्हारे त्याच्या हातून गेले होते. त्याने पॉलिश केलेल्या टेबलात बघून एका नवरदेवाने भांग पाडला, अशी गोष्ट गावात सांगत. ती खोटी आहे असं सावळारामने कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

गेल्या वर्षी खोकला सुरू झाला तो थांबेना. बारामतीच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाकडे धरून पाहिला आणि सांगितलं, "मामा, स्पिरिट, थिनर, सगळं बंद. वाससुद्धा घ्यायचा नाही." सावळारामने बाटल्या ओळखीच्या एका पॉलिशवाल्याला देऊन टाकल्या आणि शेड बंद केली.

दिवाळीनंतर राजनंदिनी आली. कोऱ्हाळे बुद्रुकला शेतात तिने आणि तिच्या नवऱ्याने पुण्याच्या पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या होत्या. टेम्पोत जुन्या बाजारातून घेतलेलं सागवानी कपाट होतं, दोन दारांचं, मध्ये आरसा असलेलं. तिने मोबाइलवर चित्रं दाखवली. कपाटं रंगवलेली, पण जागोजागी रंग उडालेला, खालचा दुसरा रंग दिसतोय, कुठे लाकूडच उघडं पडलंय.

"ही बिघडल्याली हायती," सावळाराम म्हणाला. "दुरुस्त करायची का?"

"नाही मामा, असंच करायचंय. रंगवायचं आणि मग घासून जुनं दिसेल असं करायचं. पाहुण्यांना आवडतं. साधा पाण्याचा रंग, त्यात खडूची पूड. वास अजिबात नाही."

सावळारामने मोबाइलवरून नजर काढून टेम्पोतल्या कपाटाकडे पाहिलं. मग म्हणाला, "मला जमायचं न्हाय, वहिनी. नवं दिसावं म्हणून लोक माझ्याकडं यायची. जुनं करायला मी कशाला पायजे? उघड्यावर ठिवा, पावसात हुतंय आपोआप."

राजनंदिनी हसली, पण तिचा चेहरा पडला. तेवढ्यात आतून दगडाबाई हात पुसत बाहेर आली.

"कपाट ठिवून जावा," ती म्हणाली. "मी करते."

सावळारामने तिच्याकडे पाहिलं. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिने कधी बोळा हातात धरला नव्हता. त्याने धरू दिला नव्हता. नवी नवरी असताना तिने एकदा टेबलावर धूळ दिसली म्हणून पदराने पुसली होती. पॉलिश ओलं होतं. पदराची सगळी वीण त्यावर उमटली. सावळाराम तिला एक शब्द बोलला नाही, पण दोन दिवस जेवला नाही. तेव्हापासून ती शेडच्या उंबऱ्याशी चहा ठेवायची आणि मागे फिरायची.

आता ती उंबऱ्याच्या आत होती आणि तो दारात.

आधी निळा रंग दिला. तो वाळल्यावर कडांना मेण घासलं आणि वरून सायीसारखा पांढरट रंग. ब्रश तिला नीट धरता येत नव्हता. सावळारामच्या बोटांना कंड सुटायची, पण ब्रश कसा धरायचा ते त्याने सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. पॉलिश पेपर घेऊन ती रंग घासायला लागली तेव्हा मात्र त्याला हसू आवरेना. मोबाइलमधल्या चित्रांसारखं तिने इथे थोडं, तिथे थोडं घासलं होतं.

"गोवर उठल्यागत दिसतंय," तो म्हणाला.

दगडाबाई लांब जाऊन उभी राहिली. "व्हय," ती म्हणाली. "तसंच दिसतंय."

तिने सगळं पुन्हा रंगवलं. ते वाळल्यावर लगेच पेपर उचलला नाही. कपाटासमोर उभी राहून तिने दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. मग घरातून रिकामी कळशी आणली, कडेवर घेतली आणि एका हाताने दार उघडून पाहिलं. खाली बसून खालचा कप्पा ओढला. उठताना हाताचा भार कुठे पडतो ते पाहिलं.

"काय चाललंय?" सावळाराम म्हणाला.

"कपाट कुठं झिजतं ते बघतीय."

मग तिने घासलं. मुठीजवळ, जिथे घाईत हात पडतो तिथे. उजव्या दाराच्या कडेला, कारण डावं दार रोज कुणी उघडत नाही. खालच्या पट्टीवर, जिथे केर काढताना झाडू आपटतो. आरशाच्या चौकटीच्या एकाच बाजूला, जिथे कुंकू लावताना बाई बोटं टेकवते. एवढंच. बाकी कपाट तसंच ठेवलं.

संध्याकाळच्या उन्हात सावळाराम त्याच्याकडे बघत राहिला. कुठल्यातरी घरात, कुठल्यातरी बाईने ते जन्मभर वापरलं आहे असं वाटत होतं. त्याने आयुष्यात शेकडो कपाटं हाताळली होती, पण एकही दार रोज उघडलं नव्हतं. सकाळी अंघोळीनंतरचे कपडेसुद्धा त्याला बाहेर काढून ठेवलेले मिळत.

"बरं दिसतंय का?" दगडाबाईने विचारलं.

"ठीक हाय," तो म्हणाला आणि खोकल्याचं निमित्त करून आत गेला.

दुसऱ्या दिवशी दगडाबाई भाचीच्या डोहाळजेवणाला इंदापूरला गेली. कपाट न्यायला राजनंदिनीचा टेम्पो त्याच्या पुढच्या दिवशी दुपारी येणार होता. त्याच संध्याकाळी पाहुणे उतरणार होते, त्यामुळे उशीर चालणार नव्हता.

दुपारी सोनबा आला. कारखान्यातून रिटायर झालेला, सावळारामच्या बरोबरीचा. त्याच्या लग्नातल्या पलंगाला सावळारामनेच पॉलिश केलं होतं. गप्पा मारता मारता त्याची नजर शेडमध्ये गेली.

"हे काय रं, सावळाराम?" तो उठून कपाटापाशी गेला. उडालेल्या रंगावरून त्याने बोट फिरवलं. "हात गेला व्हय रं तुझा?"

"ते माझं न्हाय," सावळाराम म्हणाला.

"तुझ्या शेडात हाय म्हंजी तुझंच की. लोकं काय म्हनत्याल?" सोनबाने पाठीवर हात ठेवला. "जाऊ दे. वय झालं आपलं."

तो सहज बोलला होता आणि चहा पिऊन गेला. सावळाराम मात्र खुर्चीवर बसू शकला नाही. तो शेडमध्ये येरझाऱ्या घालू लागला. प्रत्येक वेळी कपाटासमोर आला की नजर त्या कडेवर जायची. मुठीजवळचा उघडा पडलेला निळा रंग त्याला जखमेसारखा दिसायला लागला.

तेवढी एक कड नीट करू, असं म्हणून त्याने पुट्टीचा डबा उघडला.

एक कड झाली, मग दुसरीला हात लावल्यावाचून राहवलं नाही. चाकूने त्याने मेण खरवडून काढलं, सोड्याच्या पाण्याने कडा पुसल्या, खड्डे भरले, पेपर मारला, उरलेला पांढरट रंग दिला. हात आपोआप चालत होते. रंगाला वास नव्हता, छातीत काही बोचत नव्हतं. ब्रशचा फटकारा सरळ वरून खाली येत होता, कुठे ओघळ नाही, कुठे केस नाही. तो गुणगुणायला लागला आणि आपण गुणगुणतोय हे कळल्यावर त्याला स्वतःचंच हसू आलं. उन्हं उतरली तेव्हा कपाट एकसारखं पांढरट, गुळगुळीत उभं होतं. शोरूममधून आणल्यासारखं.

दगडाबाई आली ती हातात डब्यातून आणलेली पुरणपोळी घेऊन. शेडमध्ये दिवा दिसला म्हणून तशीच आत आली आणि थांबली.

"बघ," सावळाराम म्हणाला. त्याला अजून काहीच कळलं नव्हतं. "जरा हात मारला."

तिने डबा खाली ठेवला. उजव्या दाराच्या कडेवरून हात फिरवला, आरशाच्या चौकटीवरून फिरवला. ती ओरडेल म्हणून तो वाट बघत राहिला, मग त्याला ती वाट बघणंही नको झालं.

"अगं, सोनबा म्हनला, हात गेला का म्हून..."

"माझा पदर लागला हुता तुमच्या टेबलाला," ती हळू आवाजात म्हणाली. "याद हाय का? तवा मी न कळत हात लावला. तुमी कळून लावलाय."

ती घरात गेली. त्याला ताट वाढून ठेवलं आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. पुरणपोळीचा डबा शेडमध्येच राहिला.

फटफटताना त्याला जाग आली ती खरखरीच्या आवाजाने. तो शेडमध्ये गेला. दगडाबाई खाली बसून कपाटाची कड घासत होती. रंग निघत नव्हता. तिच्या रंगाखाली मेण होतं, म्हणून तो हलक्या हाताने सुटला होता. सावळारामने मेण काढून, पुट्टी भरून, रंग असा बसवला होता की तो सुटणं शक्य नव्हतं. त्याचं काम कधी सुटत नसे. ती पेपर बदलत होती, मनगट दाबत होती, पुन्हा घासत होती.

तो दारात उभा राहिला. चूक झाली असं म्हणायचं त्याच्या मनात होतं, पण तोंडातून निघालं ते दुसरंच.

"कुठं घासू?"

दगडाबाईने वर पाहिलं. तो खरंच विचारतोय ना, हे तिला पटायला थोडा वेळ लागला. मग ती उठली, खांद्यावरचा टॉवेल बादलीत भिजवून पिळला आणि त्याच्या नाकातोंडावरून घेऊन मागे गाठ मारली. लहान पोराला बांधावी तशी घट्ट.

"धूळ जाईल छातीत," ती म्हणाली. "हितं. मुठीपासून चार बोटं खाली. लई न्हाय, थांबा म्हनलं की थांबायचं."

तो घासायला लागला. आदल्या दिवशी स्वतःच बसवलेला रंग स्वतःच्याच हाताने काढताना त्याला प्रत्येक ओढीला आतून काहीतरी ओढल्यासारखं होत होतं. आधी पांढरा गेला, मग पुट्टी, मग निळा दिसला. "थांबा," ती म्हणाली, आणि तो थांबला. मग ती पुढची जागा दाखवायची. आरशाच्या चौकटीवर त्याचा हात जड पडला आणि निळाही निघून सागवान उघडं पडलं. त्याने घाबरून तिच्याकडे पाहिलं. तिने मान वाकडी करून पाहिलं, बोटं टेकवून पाहिली.

"असू द्या," ती म्हणाली. "एखादीचा हात तुमच्यावानी जड असतोय."

टेम्पो आला तेव्हा दोघं धुळीने पांढरी झाली होती. अंगावर पाणी घेऊन, कपडे बदलून ती टेम्पोत बसली. कपाट नीट उतरवायचं म्हणून येतोय, असं सांगून तोही बसला.

कोऱ्हाळ्याला उसाच्या फडाला लागून त्या खोल्या होत्या. कपाट खिडकीजवळ उभं केलं तसा राजनंदिनीने तोंडावर हात ठेवला. तिने दार उघडलं, लावलं. तिचा हात नेमका त्या झिजलेल्या जागी पडला, आणि तिला ते कळलंही नाही.

"मामा," ती म्हणाली, "नको नको म्हणत होता आणि काय केलंय तुम्ही! हात आहे हो तुमच्यात."

दगडाबाई पदराने आरसा पुसत होती. तिने वळून पाहिलं नाही. सावळारामला वाटलं, आपण गप्प बसलो तर ती आपल्याला कधीच काही म्हणणार नाही. कालची रात्र सोडली, तर आयुष्यभर म्हणाली नव्हती.

"हात हिचा हाय," तो म्हणाला. "म्या मधी एकदा बिघडवलं, तेवढंच माझं."

राजनंदिनी थट्टा समजून हसली. दगडाबाई हसली नाही. आरसा पुसायचा ती थांबली, तेवढंच.

"मग मावशी, खुर्च्या आहेत, एक झोपाळा आहे, तेही तुम्हीच करायचं," राजनंदिनी म्हणाली. "इथं भिंतीवर छोटी पाटी लावते. पाहुणे विचारतात, कुणी केलं म्हणून. नाव काय लिहू?"

दगडाबाईने सवयीने नवऱ्याकडे पाहिलं. तो खिडकीतून बाहेर बघत होता.

"दगडाबाई लिवा," ती म्हणाली. "नुसतं दगडाबाई. ऱ्हातंय लोकांच्या ध्यानात."

परतताना बारामतीहून एसटी मिळाली. गर्दी नव्हती. काटेवाडी मागे पडायच्या आतच दगडाबाईला झोप लागली आणि तिचं डोकं त्याच्या खांद्याला टेकलं. तिचा हात मांडीवर उताणा पडला होता. नखांच्या कडांना निळा रंग बसला होता, अंघोळीनेही न निघालेला.

सावळारामने स्वतःचे हात पाहिले. पोरवयापासून त्याची नखं चपड्याने तांबूस असायची. लग्नात हळद लावतानासुद्धा ती घासून निघाली नव्हती. आता वर्षभरात सगळी वाढून गेली होती. पांढरी, स्वच्छ, कुणा भलत्याच माणसाची असावीत तशी. तो थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिला. मग खांदा हलणार नाही अशा बेताने त्याने दोन्ही हात सदऱ्याच्या खिशात घातले.